नरेलच्या अर्जाचे एकवीस दिवस

सोमवार, २५ ऑगस्ट. सकाळी ७.१०

उद्या मोठा दिवस. पंधरापेक्षा कमी माणसे असलेल्या धंद्यांना उद्यापासून दोन नवे नियम. कामाचे तास संपल्यावर मालकाचा फोन आला तर तो न उचलण्याचा हक्क. आणि वर्षभर काम केलेल्या कॅज्युअल, म्हणजे नुसत्या तासांच्या हिशेबावर ठेवलेल्या, माणसाला 'मला कायम करा' असे लेखी कळवता येणार. मालकाने एकवीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचे. तोंडी हो-हो चालणार नाही.

आमचे वॉर्नम्बूल झोपलेले आहे, बाकीच्या ऑस्ट्रेलियाचे मला माहीत नाही. डेअरीवाले, मोटेलवाले, टायरवाले, बेकरीवाले, सगळे. (बेकरीवाले उठले असतील, पण कायद्याच्या दृष्टीने झोपलेलेच.) जागा फक्त मी. दर गुरुवारी माझे कामगार कायद्याचे बुलेटिन त्रेचाळीस मालकांना जाते, म्हणून हे शहर अजून कोर्टाबाहेर आहे.

निश्चय: मूळ कायदा रोज वीस पाने वाचायचा. आतापर्यंत ऑफिसातल्या सहायक नरेलच्या टिपणांवर भागवले, पण माझ्या पातळीच्या सल्लागाराने मुळात जायला हवे. व्हॅनिला स्लाइस (बेकरीतली क्रीमची पेस्ट्री) आठवड्यातून एकच. निर्णय तिथल्या तिथे.

मंगळवार, २६ ऑगस्ट. दुपारी ३.२०

इतिहास घडला. ऑफिसात मी आणि नरेल दोघेच होतो, तरी घडला.

नरेलने पिवळ्या ट्रेमध्ये अकरा कागद ठेवले. आमची पद्धत जुनी आहे. सही हवी तिथे ती लाल बाणाची चिठ्ठी चिकटवते. मी बाणापाशी सही करतो आणि 'मिळाले' असा तारखेचा शिक्का मारतो. नऊ वर्षांत एकही बाण चुकवलेला नाही. आज अकरा कागदांना चार मिनिटे लागली. एक कागद जरा भरगच्च होता. शीर्षक वाचले: कॅज्युअल कामातून कायम कामात जाण्याची लेखी सूचना. लगेच ओळखले. बुलेटिनसाठी नमुना! मी न सांगता तिने केला. बाईला माझ्या हाताखाली राहून दृष्टी आली आहे.

म्हणालो, तो अर्ज फक्कड जमलाय. ती जागची उठली. म्हणाली, वाचलास? म्हणालो, म्हणजे काय! म्हणाली, मग आता काय करायचं ते तुला माहीतच आहे. म्हणालो, नेव्हिल हॅड्रिकला माहीत नसेल तर कुणाला असेल? ती हसली. नरेल सहसा हसत नाही. नऊ ते तीन काम, तीनला पिशवी उचलून घरी, आई एकटी असते म्हणून.

कायदा: शून्य पाने. पहिला दिवस आहे.

बुधवार, २७ ऑगस्ट. सकाळी ११.००

चहाच्या वेळी नरेलने घरची हकिगत सांगितली. चौदा वर्षे ती आणि तिची आई एल्वा ज्या घरात भाड्याने राहतात ते घरमालक विकतोय. आधी हिला विचारले, हे त्याचे सौजन्य. १९ सप्टेंबरपर्यंत हिच्यासाठी थांबणार. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण कॅज्युअल कामावर नाही. नोकरी कायम असल्याचे मालकाचे पत्र हवे म्हणतात.

मी म्हणालो, बँका फार नाटकी झाल्या आहेत. घर घ्यायला काळ मात्र चांगला आहे. सोडू नकोस.

नरेल म्हणाली, नाही सोडत. आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या मिशीला स्लाइसचे क्रीम होते, ते नंतर आरशात दिसले. (या आठवड्याची ती एकच.)

गुरुवार, २८ ऑगस्ट. दुपारी ४.१५

नरेल तीनला गेली. बुलेटिन ती तयार करून ठेवते, मी वरचा मजकूर लिहितो आणि पाठवतो. आज अंक अगदीच पोपटपंची वाटला. जिवंत उदाहरण हवे होते. मग तिचा नमुना अर्ज आठवला. स्कॅन केला. नाव होते तिथे काळी पट्टी ओढली, व्यावसायिक सवय म्हणून. वर लिहिले: 'असा कागद उद्या तुमच्या टेबलावर येईल. हसू नका, दुर्लक्ष करू नका, दिवस मोजा.' त्रेचाळीस जणांना रवाना.

एकट्याच्या हिमतीवर केलेले काम वेगळाच आनंद देते.

शुक्रवार, २९ ऑगस्ट. सकाळी १०.४०

डेस फेनेसीचा फोन. हायवेवर त्याचे मोटेल आहे, माझा सर्वात जुना ग्राहक, तोंडाला फाटक नाही. आधी दोन मिनिटे नुसता हसला. मग म्हणाला, नेव्ह, दोस्ता, हा नमुना आहे ना रे? म्हणालो, आहे. म्हणाला, मग नाव खोडलंस आणि बाकीचं ठेवलंस कशाला? नऊ वर्षं, सोमवार ते शुक्रवार, नऊ ते तीन, कामगार कायद्याचं साप्ताहिक लिहून तयार करणे. वॉर्नम्बूलमध्ये अशी ऑफिसं किती आहेत? आणि म्हणाला, मला वाटायचं बुलेटिन तू लिहितोस.

मी शांतपणे सांगितले की नमुन्यात कल्पनाशक्तीला वाव असतो.

फोन ठेवला. फाइल काढली. कागद पूर्ण वाचला. सव्वा पान. प्रति: नेव्हिल हॅड्रिक. खाली नरेल क्विगची सही. तिच्याखाली लाल बाण. बाणापाशी माझी सही. शेजारी माझा शिक्का, २६ ऑगस्ट.

नरेल आज दाताच्या डॉक्टरकडे गेली आहे. कॅज्युअल असल्याने आजचा पगार नाही, हे तिने आठवड्यापूर्वीच तक्त्यात लिहून ठेवले होते.

घाबरण्यासारखे काही नाही. एकवीस दिवस आहेत, आणि असल्या प्रकरणात या शहरात माझ्याइतका जाणकार माणूस नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट. दुपारी २.००

नरेलला तीनदा फोन केला. उचलला नाही. खुलासा गरजेचा होता.

ग्लेनिस (माझी बायको, शाळेच्या ग्रंथालयात होती, अजून सगळ्यांना गप्प बसवते) भांडी पुसता पुसता म्हणाली, रविवारी फोन न उचलायचा हक्क मिळालाय म्हणे लोकांना. मी वाचलं कुठंतरी. तुझ्याच बुलेटिनमध्ये बहुतेक.

मी म्हणालो, तो हक्क वाजवी कारण नसेल तर. माझे कारण वाजवी होते. ती म्हणाली, काय होतं? मी म्हणालो, मला झोप लागत नाहीये.

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळी ९.३०

नरेल आली. कोट अडकवला. म्हणाली, माझा अर्ज तुझ्याआधी त्रेचाळीस लोकांनी वाचला, नेव्ह. बेकरीत मला बाई म्हणाली, मिळालं का गं उत्तर?

मी दिलगिरी व्यक्त केली. सरसकट नाही, मुद्द्यापुरती. मग सांगितले की तत्त्वतः मला आनंदच आहे. पण कायदा म्हणतो, उत्तर देण्याआधी मालकाने कर्मचाऱ्याशी चर्चा करायची. म्हणाली, कर ना. बसलेच आहे समोर. म्हणालो, अशी नाही, रीतसर. विषयपत्रिका हवी. आता सगळे शहर आपल्याकडे बघते आहे, आपली केस आदर्श झाली पाहिजे. गुरुवारी बसू. म्हणाली, गुरुवारी तुझं भाषण आणि बुलेटिन. म्हणालो, मग शुक्रवार? म्हणाली, तेव्हा तूच डेअरीवाल्यांकडे चाललायस. शेवटी पुढचा मंगळवार ठरला, नऊ तारीख.

ती म्हणाली, चालेल, सोळापर्यंत वेळ आहे. तारखा तिला तोंडपाठ असतात. मला बुवा तत्त्वे लक्षात राहतात.

गुरुवार, ४ सप्टेंबर. दुपारी १.००

फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये सकाळचे व्याख्यान. अंडी, बेकन, सव्वीस मालक. बाहेर समुद्राचा वारा असा की दार दोनदा आपोआप उघडले. विषय: अर्ज आला तर काय कराल? मी रंगात होतो. म्हणालो, मालक दोन जातीचे. एक उत्तर देतो. दुसरा कागद ट्रेमध्ये ठेवतो आणि आपण दयाळू आहोत असं समजून घरी जातो.

मागून डेस ओरडला, नेव्ह, तू कुठल्या जातीचा?

हशा. मी हात वर केला आणि म्हणालो, एक प्रकरण सध्या प्रक्रियेत आहे, त्यावर भाष्य योग्य नाही. हे वाक्य फार भारदस्त पडले. दोघांनी टाळ्या वाजवल्या, त्यात एक मी.

प्रोजेक्टरपाशी नरेल होती. माझ्या 'उत्तर द्या!' या पाटीवर ती जरा जास्त वेळ थांबली. मला तीनदा खाकरावे लागले तेव्हा पुढची पाटी आली.

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळी ११.३०

फादर्स डे. मुलीने पर्थहून मोजे पाठवले. ग्लेनिस मला देवमासे बघायला किनाऱ्यावर घेऊन गेली. देवमासे नव्हते. ग्लेनिस होती.

म्हणाली, पाच ओळींचं पत्र आहे, देऊन टाक. मी तिला समजावले की कायम केले म्हणजे रजा आली, आजारपणाची रजा आली. उद्या नरेल पंधरा दिवस रजेवर गेली तर बुलेटिन कोण... इथे मी थांबलो, कारण वाक्य चुकीच्या दिशेने चालले होते. मग सांगितले की नरेलला रजेची सवयच नाही. एका हिवाळ्यात ती तापात फणफणत आली होती, डोळे लाल, तरी अंक काढला. अशी निष्ठा हल्ली कुठे बघायला मिळते!

ग्लेनिस म्हणाली, निष्ठा कसली रे? रजाच नव्हती तिला. घरी राहिली असती तर तेवढा पगार गेला असता.

मी म्हणालो, कॅज्युअलला तासाचा दर थोडा जास्त असतो. त्या बदल्यातच रजा नसते. ग्लेनिस उठून गाडीकडे चालू लागली. कायद्यातले बारकावे तिला समजत नाहीत.

तो हिवाळा मात्र डोक्यातून जाईना. तिला मी लिंबाचा चहा करून दिला होता का? दिला असावा. मी तसा माणूस आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर. दुपारी १२.१०

चर्चा पार पडली. आदर्श. विषयपत्रिका नरेलने टाइप केली (माझ्या सांगण्यावरून). इतिवृत्त नरेलने लिहिले, दुसरे लिहिणार कोण? मी विचारले, एक तटस्थ सल्लागार म्हणून अशा मालकाला तू काय सल्ला देशील? म्हणाली, हो म्हण असा. विचारले, आधार? तिने दोन पाने पुढे केली. रोजचे ठरलेले तास, ठरलेले दिवस, नऊ वर्षांत एकदाही न बदललेली खुर्ची. मी प्रतिवाद शोधला. सापडला नाही. मी खुल्या मनाचा आहे.

म्हणालो, नरेल, उत्तर हो आहे!

तिने डोळे मिटले, दोन सेकंद. म्हणाली, थँक यू, नेव्ह. आईला सांगू का? म्हणालो, बेलाशक सांग. फक्त लेखी व्हायचे आहे. उत्तराचा मसुदा तूच कर, बाण लाव, मी सही करतो. म्हणाली, माझ्या अर्जाला उत्तरही मीच लिहू? म्हणालो, अशा कामात तुझा हात धरणारे शहरात कुणी नाही. मनापासून म्हणालो.

हलके वाटले. दोन स्लाइस. एक माझी, एक तिची. तिने खाल्ली नाही, म्हणून तीही.

बुधवार, १० सप्टेंबर. दुपारी ३.४५

पत्र सकाळी नऊला ट्रेमध्ये होते. आठ ओळी, लाल बाण. पेनही उघडले होते.

पण अर्जावर मी न वाचता सही केली म्हणून डेस सगळ्या गावाला सांगत फिरतो. तेव्हा निश्चय: यापुढे एकही कागद न वाचता सही करायची नाही. सुरुवात याच पत्रापासून. वाचायला घरी नेतो म्हटले. नरेल म्हणाली, आठ ओळी आहेत. म्हणालो, तेच तर. थोड्या ओळींत जास्त धोका.

तिसरी ओळ खटकली. 'गेली नऊ वर्षे नियमित काम.' उद्या कुणी विचारले, नियमित होते तर नऊ वर्षे कॅज्युअल कसे? तेही अशा माणसाच्या ऑफिसात, जो इतरांना शिकवतो? ओळ सौम्य करून हवी. 'काही काळ' बरे दिसेल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. दुपारी ३.१०

तिसरा मसुदा आला. 'काही काळ' घातले आहे. तेही कसे तरी वाटले. नऊ वर्षांना काही काळ म्हणताना माझे मलाच... पुढच्या मसुद्यात बघू.

नरेल म्हणाली, बँकेची तारीख पुढचा शुक्रवार आहे, चारला बंद होतात. तुला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, नेव्ह. मी दुसरीकडे बघेन. पण सांग.

नाही? मी तर दुखावलोच. म्हणालो, उत्तर हो आहे, शंभरदा हो. म्हणाली, मला एकदाच हवंय. लेखी. म्हणालो, सोमवारी.

तीनला एक म्हातारी काठी टेकत जिना चढून आली. अठ्ठावीस पायऱ्या. एल्वा, नरेलची आई. नऊ वर्षांत आमची पहिलीच भेट. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, तूच का तो नेव्हिल? परवा नरेलनं सांगितलं तेव्हा मी न्हाणीघराला कुठला रंग द्यायचा तेसुद्धा ठरवून टाकलं. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचीही चोरी होती रे. नरेल म्हणाली, आई, चल. खाली उतरताना म्हातारी तिला म्हणत होती, बरा दिसतो की गं, तू म्हणतेस त्यापेक्षा.

बरा दिसतो म्हणजे काय, यावर विचार चालू आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर. संध्याकाळी ५.३०

सही करायला बसलोच होतो, तेवढ्यात डेसचा फोन. त्याच्या सफाईवालीने हाच अर्ज दिला आहे, म्हणाला, ये ताबडतोब, हसणार नाही. ग्राहक आधी. गेलो.

डेस कुरकुरला. कायम केलं आणि हिवाळ्यात मोटेल रिकामं पडलं तर? मी त्याला असा झापला! म्हणालो, डेस, बाई सहा वर्षे तुझ्या चादरी बदलते. तुला ती हवी आहे ना? मग दिवस कसले मोजतोस, आत्ताच्या आत्ता लिहून दे. पाच ओळी मी सांगितल्या, त्याने लिहिल्या, सही केली, बाईला बोलावून हातात दिल्या. बाईला रडूच आले. मग आम्हा दोघांना स्कोन, वर मलई.

डेस दारापर्यंत आला. म्हणाला, नेव्ह, आज पहिल्यांदा तू माझ्या कामाचा निघालास. आणि तुझीवाली? म्हणालो, तीच करायला बसलो होतो. म्हणाला, मग बस जा.

ऑफिसला पोचलो तर साडेतीन. नरेल गेलेली. पत्र ट्रेमध्ये. पण दिवसभराच्या या यशानंतर मन एकाग्र होईना. शिवाय हिशेब केला: मला अर्जाची खरी माहिती झाली २९ ऑगस्टला. एकवीस दिवस तिथून. म्हणजे १९. ढीगभर वेळ आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर. दुपारी ३.०५

नरेल पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली. म्हणाली, आज माझ्यासाठी काही आहे का? मला वाटले पोस्टाबद्दल विचारते. म्हणालो, नाही बहुतेक.

म्हणाली, आज एकविसावा दिवस.

मी तिला २९ तारखेचा मुद्दा समजावला. माहिती झाल्याचा दिवस, कळल्याचा क्षण वगैरे. मला वाटते तिलाही तो नवा होता. तिने पिशवीतून अर्जाची आपली प्रत काढून माझ्या टेबलावर ठेवली. शिक्क्यावर बोट ठेवले. म्हणाली, शिक्का तुझा आहे, नेव्ह.

म्हणालो, उद्या सकाळी पहिले काम तेच. शब्द देतो.

म्हणाली, लेखी? मग म्हणाली, जाऊ दे.

पायऱ्या उतरताना तिच्या बुटांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला. एरवी कधी ऐकला नव्हता.

बुधवार, १७ सप्टेंबर. सकाळी ९.१५

सही केली! पहिल्याच मसुद्यावर, 'गेली नऊ वर्षे' तसेच ठेवून. माणसाने मोठे मन करायला हवे. तिच्या टेबलावर ठेवले, शेजारी चॉकलेटचा डबा.

९.४०: आली नाही.

९.५५: मेसेज. 'आजचं आणि उद्याचं काम घेत नाही. नरेल.' कॅज्युअलला तो हक्क असतो. यावर आम्ही दोन वर्षांपूर्वी छान लेख केला होता. केला होता म्हणजे तिने.

पत्र ईमेलने पाठवावे असे एकदा मनात आले. पण असली गोष्ट हातात द्यायची असते. फोटोही काढता येईल, बुलेटिनसाठी: 'सल्लागारानेच घालून दिला आदर्श.' उद्या-परवा येईलच. तिचे सगळे इथेच आहे. चहाचा मग, चष्म्याचे घर, कुंडीतले झाड.

गुरुवार, १८ सप्टेंबर. संध्याकाळी ५.००

बुलेटिन मी लिहिले. सगळे. अर्धे पान झाले. त्यात हवामानाचाही उल्लेख आला. बारा जणांनी उत्तर पाठवले: नरेल बरी आहे ना?

शुक्रवार, १९ सप्टेंबर. संध्याकाळी ६.००

आजही आली नाही. मेसेजही नाही. दोनला ठरवले, आपण जाऊ. पण कोऱ्या पाकिटात पत्र देणे बरे दिसेना. चांगले पाकीट शोधण्यात वेळ गेला. पाकिटे कुठे असतात ते तिला माहीत. तिच्या घरापाशी पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटे.

पुढच्या अंगणात एक अनोळखी जोडपे खिडकीची मापे घेत होते. बाईने मला विचारले, तुम्ही इथलेच का? इथे वारा नेहमी असाच असतो? मेलबर्नचे. शनिवार-रविवारसाठी घर हवे आहे त्यांना.

एल्वा दारात आली. नरेल पोर्टलंडला गेली आहे म्हणाली, मुलाखतीला. मी पाकीट पुढे केले. म्हणालो, तुमची मुलगी कायम झाली! तिने पाकीट घेतले, उलटसुलट केले, घड्याळाकडे बघितले. म्हणाली, बँक बंद झाली ना रे आता. घरमालकाने तिला चारपर्यंत थांबतो म्हटलं होतं. चारपर्यंत थांबला. भला माणूस आहे.

मग तिने पाकीट मला परत दिले. म्हणाली, तिलाच दे. मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

चष्मा गळ्यात होता.

सोमवार, २२ सप्टेंबर. सकाळी १०.२०

नरेल आली. किल्ली द्यायला. पोर्टलंडला एका ऑफिसात नोकरी मिळाली, एक तासाचा रस्ता, कायम. पहिल्याच दिवशी कायम. पुढच्या सोमवारी रुजू. तिथेच भाड्याने घर बघितले आहे. एल्वा जन्मापासून वॉर्नम्बूलमध्ये आहे, तिला तिथे कुणी ओळखत नाही. हे नरेलने आपणहून नाही सांगितले, मी विचारले म्हणून बोलली.

मी पत्र दिले. तिने उभ्याउभ्या वाचले. म्हणाली, चांगलं झालंय. चांगले होणारच, तिनेच लिहिलेले. मी म्हणालो, सतरा तारखेपासून तू कायम आहेस, नरेल. कायम माणूस असे सोडून जाऊ शकत नाही. काही आठवड्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते. निदान चार आठवडे. तेवढ्यात मला कुणीतरी...

म्हणाली, मी हो कुठं म्हटलंय त्या पत्राला? मी कॅज्युअल आहे. कॅज्युअलला आगाऊ सूचना नसते. तू काढलंस तरी चालतं, मी गेले तरी चालतं. आपल्याकडे ते तसंच होतं ना, नेव्ह?

हे रागाने म्हणाली असती तर उत्तर देता आले असते. ती मला नियम समजावून सांगत होती. नऊ वर्षे समजावते तसाच.

तिने झाड घेतले, चहाचा मग घेतला. चॉकलेटचा डबा राहू दिला. म्हणाली, ग्लेनिसला दे. दारात वळून म्हणाली, ट्रेमध्ये या आठवड्याचे सात कागद आहेत. बाण लावलेत. वाचून सही कर.

ग्लेनिसला फोन करून सांगितले. तिने फोन ठेवून दिला. 

बुधवार, २४ सप्टेंबर. सकाळी ११.४५

हार मानणे माझ्या स्वभावात नाही. तिला काही आठवडे थांबवता येते का, हे कायद्यात बघायला बसलो. पाने वाचली: तीन. कलमातून कलम फुटते आणि परत पहिल्यावर येते. हे ती कसे वाचायची?

शेवटी सरकारी हेल्पलाइनला फोन केला. नाव नाही सांगितले. एक छोटा मालक आहे म्हटले. गोड आवाजाची मुलगी होती. विचारले, कर्मचारी सोडून चालली तर तिने किती दिवस आधी सांगायला हवे? म्हणाली, कायम की कॅज्युअल? म्हणालो, इथेच वाद आहे. माझ्या बाजूने कायम, तिच्या बाजूने कॅज्युअल. ती म्हणाली, तिनं आधी कायम करायला सांगितलं होतं का? म्हणालो, हो. म्हणाली, तुम्ही मुदतीत उत्तर दिलं? म्हणालो, उत्तर फार चांगले दिले. म्हणाली, मुदतीत?

मी म्हणालो, पुढे जाऊ.

म्हणाली, त्या गेल्यात का आता? म्हणालो, सोमवारी. म्हणाली, मग तुम्हाला थांबवता येणार नाही. तरी तुमच्या बाकीच्या लोकांसाठी माहिती पाठवते, हे नियम सारखे बदलतात, मालकांना गोंधळायला होतं. सध्या किती जण आहेत तुमच्याकडे कामाला?

मी ऑफिसात बघितले. का बघितले कोण जाणे, मला माहीत होते.

म्हणालो, कुणी नाही.

की-बोर्डचा आवाज आला. मग ती म्हणाली, अच्छा, मग राहू दे. कामाला कुणी नसेल तर तुम्ही मालक नाही आहात ना. यातलं तुम्हाला काहीच लागू होत नाही.